दुपारचं नेट

"सर, बाबांनी वायफायला घातलेलं कुलूप मुलीला उघडता येतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून कॉम्प्युटरच्या तासाला मी उभी राहून विचारलंच! अख्खा वर्ग खिदळला. सर म्हणाले, "राऊटर हा घरातल्या नेटचा रखवालदार. कुठल्या फोनला कधी आत सोडायचं, हे त्याचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो ठरवतो. पुष्कळ लोक तो बदलतच नाहीत, राऊटरच्या पोटावर छापलेला तसाच ठेवतात. बाकी मी काही बोललो नाही हं!"

माझं नेट सारखं रखडायचं. बाबांनीच मला कोंडून ठेवलंय, अशी माझी खात्री होती. घरी आल्या आल्या मी राऊटर उलटा केला आणि सेटिंग उघडली. माझ्या फोनला तर सगळं मोकळं होतं. बंदी एकाच फोनवर होती, आईच्या. बाबा कामावर गेल्यापासून परत येईपर्यंत.

आईने हिशेबाचा ऑनलाइन क्लास अर्ध्यात सोडला होता. मी कारण विचारलं की ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणायची, "अगं, दुपारी आपल्याकडे नेटच येत नाही. बाबांनी कंपनीत विचारलंय ना!"

 

जेवायला बसल्यावर मी दोघांना सांगून टाकलं, "बाबा, राऊटरचा पासवर्ड मी बदललाय. आई, तो मी फक्त तुझ्या कानात सांगणार आहे, आणि उद्या दुपारी तू क्लासला बसणार आहेस."