भानूला मिठी

“ताई, तुम्ही हो म्हणालात की उद्याच सगळ्यांना खेळायला देतो,” म्हणत हेरंबने मोबाइल पुढे केला. ऊर्मिलाताईंच्या वेबकॉमिकवर त्याने वर्षभर खपून पत्त्यांचा गेम बनवला होता. त्या कॉमिकमधल्या मंजी आणि भानूचं लग्न बघायला तो सहा वर्षं झुरत होता.

ताईंनी मंजीचा पत्ता भानूवर टाकला. पत्त्यावर लिहिलं होतं, ‘मंजीने भानूला मिठी मारली.’ धाडकन आवाज झाला आणि भानू ठार!

हेरंबच्या तोंडचं पाणी पळालं. ‘मारली’ दिसलं की समोरच्याचा जीव घ्यायचा, असं त्यानेच तर गेमला शिकवलं होतं! ताईंनी घाईघाईने दुसरा पत्ता टाकला. मंजीने शेजारणीला हाक मारली. शेजारीणही खलास.

“ताई, लगेच दुरुस्त करतो, पाया पडतो!”

“खबरदार हात लावलास तर!” ताई हसून हसून डोळे पुसत म्हणाल्या. “अरे, या भानूला कसा कटवू म्हणून दोन वर्षं डोकं खाजवतेय. सुटले बाबा!”

रविवारच्या भागात भानूच्या फोटोला हार चढला. हेरंब ओक्साबोक्शी रडला. चित्राखाली ताईंनी कौतुकाने लिहिलं होतं, ‘मृत्यू सौजन्य: हेरंब.’