वनमालेचं पुढं काय झालं

रेणुकाबाईनं रिमोट हातात घेतला आणि जनकाबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. साडेसातला पाच मिनिटं कमी होती. आता चॅनल बदललं की चार महिन्यांचं खोटं उघडं पडणार होतं, तेही लेकीच्या सासरी, याच विहीणबाईच्या समोर.

सुरुवात तशी साधी होती. जनकाबाई नांदुऱ्याला, लेक धम्मशीला लग्न होऊन बीबीला. फोनवर मायलेकींचं बोलणं मिनिटभरात आटपायचं. बरी आहेस का, बरी आहे, जेवलीस का, जेवले, ठेवू का, ठेव. मनात ढीगभर असायचं, पण फोन कानाला लागला की जनकाबाईला तोंडच फुटत नसे. मग लेकच एकदा म्हणाली, "आई, साडेसातले मी भाकरी थापत असतो. वनमालेचं काय झालं थे तू मले सांगत जाय." वनमाला म्हणजे मालिकेतली मोठी सून, सासरच्या सगळ्यांना पुरून उरलेली. झालं. मालिका संपली की आठला रोज फोन, आणि जनकाबाईची जीभ अशी सुटली की विचारू नका. गोष्ट सांगता सांगता ती मध्येच हळूच विचारून घ्यायची, पाठ दुखते का, दूध घेतेस का. लेकीला दिवस गेले होते, आणि आईला तेवढंच तर हवं असायचं. पलीकडून कधी बाईमाणसाचा कोरडा खोकला ऐकू यायचा, कधी हसणं. तिकडं टीव्ही चालू असेल, असं जनकाबाई धरून चालायची.

दिवाळीत ती मालिका संपली. मेल्यांनी चार दिवसांत सगळं गुंडाळलं. दुष्ट आत्याबाई रडली, घरादाराचा एक फोटो काढला, संपलं. जनकाबाई टीव्हीसमोर तशीच बसून राहिली. आठ वाजले. मालिका संपली म्हणून सांगायचं, म्हणजे उद्यापासून पुन्हा बरी आहेस का, बरी आहे. तिनं फोन लावला आणि तोंडातून निघूनच गेलं, "अवं धम्मे, आज तं वनमालेनं घरच सोडलं."

तेव्हापासून वनमाला जनकाबाईच्या हाती लागली. तिनं तिला रेल्वे स्टेशनाबाहेर खानावळ काढून दिली. आत्याबाईला शेजारच्या आशाबाईचा स्वभाव दिला, नालीच्या भांडणासकट. संक्रांतीच्या सुमारास गोष्टीतला वकील फार डोईजड झाला, म्हणून त्याला जीपखाली घातला. पुढं महिन्याभरानं वनमालेच्या नणंदेच्या लग्नाचं सांगताना तोच वकील पंगतीत बुंदी वाढताना दाखवून बसली. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. लेक मात्र चकार शब्द बोलली नव्हती. भोळी आहे बिचारी, असं जनकाबाईला वाटलं, आणि भोळ्या पोरीला आपण फसवतो म्हणून वाईटही वाटलं.

तिचा नवरा भाऊराव हे सगळं कॉटवर पडून ऐकायचा आणि मिशीत हसायचा. चार दिवस राहायला या म्हणून रेणुकाबाईचं बोलावणं आलं, तेव्हा तो म्हणाला, "जाय. पण साडेसातले तिथं टीव्हीपुढं बसू नको. पितळ उघडं पडन."

खामगावला आणि मेहकरला गाडी बदलून ती आली होती, आणि आता नेमकी टीव्हीपुढंच बसली होती. शेजारच्या दोन बायका चटई काखेत मारून आल्या. जावई अश्वजित दुकान लवकर बंद करून आला आणि दाराला टेकला. धम्मशीला पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. एवढी माणसं रोज मालिका पाहायला जमतात, हे जनकाबाईला ठाऊक नव्हतं. आपलं हसू झालं तर होऊ दे, तिनं मनाशी म्हटलं. पण तुझी आई थापाडी आहे, असं पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. त्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

"ईनबाई," ती म्हणाली, "माह्यं चुकलं. थे मालिका..."

"दिवाळीतच संपली," रेणुकाबाई म्हणाली. "आमी पाह्यला ना शेवटचा भाग, इथंच बसून. काही जीव नव्हता त्याच्यात."

जनकाबाईनं लेकीकडं पाहिलं. धम्मशीला पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळे भरून आले होते. "आई, मी फोन रोज साऱ्यांच्या मधात ठेवतो, आवाज मोठा करून," ती म्हणाली. "सारे आयकतेत."

"तुमी दुधाचं विचारलं, त्या दिवसापासून रोज पेलाभर देते मी तिला," रेणुकाबाई म्हणाली आणि खोकली. तोच कोरडा खोकला.

रेणुकाबाईनं बटण दाबून टीव्ही बंद केला आणि रिमोट कोनाड्यात ठेवून दिला. शेजारणी पुढं सरकल्या.

"करा सुरू. आज फोनची वाट पाहायचं काम नाही," रेणुकाबाई म्हणाली. "पण आधी एक सांगा. तो वकील जीपखाली मेला होता ना? मग लग्नात बुंदी वाढायला कसा आला? आमच्या घरात पंधरा दिवसांपासून वाद चाललाय."

जनकाबाईनं पदर सावरला आणि नीट मांडी घालून बसली.

"थो त्याचा जुळा भाऊ व्हता," ती म्हणाली. "आजपासून त्याचंच सांगतो."