उन्हाचा पट्टा

"डावा हात दाखव," थर्केल बाई म्हणाल्या.

कोरलने हात पुढे केला. रापलेल्या अनामिकेवर अंगठीच्या जागी पांढरा पट्टा उठून दिसत होता. लेसशी गुपचूप लग्न केल्यापासून ती अंगठी काढूनच कामावर यायची. पण रजेत दोघं पाच दिवस बेटावर राहिली आणि उन्हाने चहाडी केली.

लग्न झालं की बाईची सरकारी नोकरी संपली, असा तेव्हाचा नियम. पुरुषाने लग्न केलं तर ऑफिसात केक कापायचे. वॉरिंडाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आठ मुली होत्या, आणि लेसचा पाय साखर कारखान्यात मोडल्यापासून कोरलचं घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

वॉरिंडातली एक मुलगी लग्न लपवते आहे, असं निनावी पत्र कुणीतरी ब्रिस्बेनच्या मुख्य कचेरीला धाडलं होतं. सोमवारी गॉरिंज साहेब तपासणीला येणार होते. अंगठी लपते, ऊन लपत नाही, असं ते ऐटीत सांगायचे. नुसती बोटं बघून त्यांनी कितीतरीजणींना घरी बसवलं होतं.

एक्स्चेंजच्या प्रमुख थर्केल बाई साहेबांच्याही वरताण. लग्नाच्या भानगडी माझ्या स्विचबोर्डावर नकोत, हे त्यांचं पालुपद. बारा महिने हातात पांढरे सुती हातमोजे. कातडीचा विकार आहे म्हणायच्या. हातच दिसत नाही तर मागणी कोण घालणार, असं आठजणींतली बेरिल पाठीमागे म्हणायची.

पट्टा पाहूनही बाईंनी कोरलला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त हुकूम सोडला: शनिवार-रविवार ड्यूटी नसेल तेव्हा सगळ्यांनी बीचवर यायचं.

तिथे त्यांनी चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि उरलेल्या सातजणींच्या अनामिकेवर एकेक पट्टी चिकटवली. मुलींना उमगलं तेव्हा त्या हसून हसून वाळूत लोळल्या. बाई हातमोज्यांसकट छत्रीखाली विणत बसल्या.

सोमवारी गॉरिंज साहेबांनी आठ हात टेबलावर ठेवायला लावले. आठ पांढरे पट्टे. साहेबांचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"माझी थट्टा करता? एकीचं नाव लिहिल्याशिवाय मी इथून हलणार नाही. कोणी बोललं नाही तर आठहीजणी घरी जातील."

बाकीच्यांची चूल आपल्यापायी का विझावी? कोरल उठली.

"खाली बस, कोरल," थर्केल बाई म्हणाल्या. "बोर्डावर दिवे लागलेत, कॉल घे."

मग त्या साहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"लिहा. एनिड थर्केल. नोकरी चोवीस वर्षं."

"आणि गुन्हा?" साहेबांनी चिडून विचारलं.

बाईंनी डाव्या हाताचा मोजा सावकाश उतरवला. अनामिकेवरची सोन्याची अंगठी एकोणीस वर्षांत बोटात इतकी रुतली होती, की काढायची म्हटली तरी निघाली नसती.