डावी बाजू वर

‘आजींचा किमोनो उलटा आहे. जरा कुणीतरी जाऊन बघा ना.’

फोटोखाली कुणीतरी लिहिलेलं हे वाक्य मिओरीनं वाटीत भात काढता काढता वाचलं आणि एका हातानं उत्तर टाकलं, ‘अहो, स्वतःचा फोटो स्वतः काढला की डाव्याचं उजवं होतं. कितीदा सांगू!’ पुढं एक हसरा चेहरा. मग ती मुलीच्या माशातले काटे काढायला बसली.

मिओरी निष्काळजी बाई नव्हे. उलटच. पाच वर्षांच्या नेनेचा श्वास ती रात्री उठून ऐकायची. खिडकीची कडी दोनदा बघायची. खाऊच्या पाकिटामागची बारीक अक्षरं दुकानातच उभी राहून वाचायची. नवरा म्हणायचा, "तुझ्या नजरेतून मुंगी सुटायची नाही."

फक्त गुरुवारी ती तासभर सैल व्हायची. कोएंजीच्या गल्लीत सेगावा-सानचं जुन्या किमोनोंचं दुकान होतं. म्हातारी ऐंशीची, एकटी, जिभेला धार. मिओरी तिला पॅरिसच्या फॅशन शोचे फोटो दाखवायची आणि ती काय बोलली ते नेटवर लिहून टाकायची. चार हजार माणसं त्या बोलण्याची वाट बघायची.

"या पोरी अशा का चालतात गं? घरी गॅस चालू राहिलाय का यांचा?"

"यंदा मोठे खांदे परत आलेत, सेगावा-सान."

"गेले कधी होते? माझ्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं बसलेत."

या गुरुवारी मात्र टोमणा नव्हता. एकेक फोटो बघून म्हातारी म्हणत राहिली, "छान आहे. हेही छान आहे." मिओरी फोनकडंच बघत होती, पुढचा फोटो शोधत होती. निघताना सेगावा-साननं किमोनोवर घालायचा एक निळा रेशमी कोट तिच्या खांद्यावर टाकला.

"राहू दे तुझ्याकडं. जीन्सवर घाल हवं तर. मी नाही ओरडणार आता."

स्वारी खुशीत आहे, असं मिओरीला वाटलं. तिनं हात लांब करून फोन धरला. पडद्यावर दोघी छान दिसल्या. तोच फोटो तिनं टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीला निघायच्या घाईत नेने तोच फोन घेऊन दारात बसली होती. तिला नुकतीच अक्षरं ओळखता यायला लागली होती. फोटोतल्या दुकानाच्या पाटीवर बोट ठेवून ती वाचत होती.

"त्सु... मु... गि. आई, त्सुमुगि!"

"शाब्बास," म्हणत मिओरी तिच्या बुटाचा पट्टा लावत होती. तिचा हात थांबला.

पाटी सुलट वाचता येत होती. म्हणजे फोटो सुलट होता. काढताना पडद्यावर दिसलं ते आरशातलं. नव्या फोननं ते आपोआप सरळ करून ठेवलं होतं.

किमोनो घालताना डावी बाजू उजवीच्या वर घेतात. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची घेतात, शवपेटीत ठेवण्याआधी. आणि सेगावा-सान पन्नास वर्षं किमोनो विकत होती. तिची चूक होणं शक्य नव्हतं.

नेनेच्या हेल्मेटचा पट्टा लावायचा राहिला. सायकल सिग्नलला थांबली नाही.

शटर अर्धं वर होतं. मिओरी वाकून आत शिरली. सेगावा-सान चटईवर बसली होती. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर, अंगावर कालचाच किमोनो. मिओरीनं तिचा हात धरला. हात ऊबदार होता.

"उलटं झालंय," मिओरी म्हणाली. "सेगावा-सान, तुमचं उलटं झालंय."

म्हातारीनं मोठा सुस्कारा सोडला.

"बोललीस बाई एकदाची. सोमवारपासून बसलेय अशी. गिऱ्हाईकं आली, पार्सलवाला आला. तू आलीस, फोटोसुद्धा काढलास. म्हटलं होतं, एकानं जरी सांगितलं तर सोडून नीट बांधीन. नाहीतर आज शुक्रवारी कायमचं आवरून घेईन."

"आजी, तुला एकटीला घालता येत नाही का?" नेनेनं शटरखालून डोकं काढून विचारलं. "मला तर बटणंपण येतात."

"हो गं, हुशार आहेस," म्हातारी म्हणाली.

मिओरीनं पट्टा सोडला, डावी बाजू वर घेतली. पट्टा पुन्हा गुंडाळला.

"घट्ट बांध की. असं सैल मढ्याला बांधतात."

"झालं?" मिओरीनं विचारलं.

"आजचं झालं."

मिओरीनं वॉर्डाच्या कचेरीत कळवलं. महिन्यातून एकदा एक बाई येते आणि कागदावर सही घेऊन जाते. म्हणून मिओरी स्वतः रोज सकाळी दुकानासमोर सायकल थांबवते आणि आत डोकावते. डावी बाजू वर दिसली की हात हलवते. "जिवंत आहे गं, जा!" आतून ओरडा येतो. मग ती जाते.

आज नेनेला एकोणचाळीस अंश ताप आहे. नवरा ओसाकाला. मिओरीला दाराबाहेर पाऊल टाकता आलेलं नाही. दुकानाचा फोन सकाळपासून नुसता वाजतोय. मुलीच्या कपाळावर एक हात ठेवून तिनं दुसऱ्या हातानं त्या चार हजार माणसांना लिहिलं :

‘कोएंजीत आत्ता कोण आहे? स्टेशनच्या दक्षिणेला, तिसऱ्या गल्लीत, त्सुमुगि अशी पाटी आहे. आत जा. फोटो काढू नका. आधी बघा, कुठली बाजू वर आहे. उजवी असेल तर मोठ्यानं सांगा. ती स्वतःहून काही बोलणार नाही. कुणीतरी सांगेल म्हणून थांबलेली असेल.’