सोलो चालू असताना

"आ करा दाजी, आणि आयुष्यात एकदा तरी गप्प बसा," डॉक्टर म्हणाला आणि त्याने स्पीकरचा आवाज वाढवला.

दाजींनी आ केला. गप्प बसणं अवघड होतं, कारण स्पीकरवर पावसातली कॉन्सर्ट चालू होती आणि डॉक्टर तिला सर्वांत भारी म्हणत होता. डॉक्टर म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोघांचा बँड एक, गाणं एक. भांडण एवढंच, की ते गाणं कुठल्या कॉन्सर्टमध्ये सर्वांत चांगलं वाजलं. दाजी तापातल्या कॉन्सर्टचे. तिच्यात गायकाला सणसणून ताप भरलेला होता आणि गिटारचा सोलो संपल्याक्षणी त्याने एक किंकाळी फोडली होती. त्या किंकाळीपायी दोघे मेहुणीच्या लग्नात एकमेकांकडे पाठ करून जेवले होते.

"किंकाळी खोटी आहे," डॉक्टर म्हणाला. "मागाहून स्टुडिओत चिकटवलीय. माणसाच्या गळ्यातून तो सूर निघूच शकत नाही. मी डॉक्टर आहे."

"दातांचा," दाजी म्हणाले. आ केलेला असल्याने ते 'आआंआ' असं ऐकू आलं, पण डॉक्टरला बरोबर कळलं. दातांच्या डॉक्टरांना ही भाषा येते.

"थांबा, तुमच्याच पुराव्याने तुम्हाला पाडतो," असं म्हणून तो खिडकीपाशी गेला, मोबाइलवर तापातली कॉन्सर्ट लावली आणि पकड घेऊन परत आला. फक्त रोजच्या बाजूने न येता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने आला.

किडलेली दाढ डावीकडे होती. भूल डावीकडे दिली होती. दाजींचा डावा गाल शेजाऱ्यांचा असल्यासारखा वाटत होता. पकड थंडगार लागली ती उजवीकडे.

"डॉक्टर, अहो..." सिस्टर म्हणाली.

तेवढ्यात सोलो सुरू झाला.

सोलो चालू असताना कुणीही बोलायचं नाही, हा नियम. तो दाजींनीच घातला होता आणि दोन्ही घरांत कडकपणे पाळला जात होता. एकदा बाथरूमचा पाइप फुटला तेव्हा दाजींची बायको हॉलच्या दारात सोलो संपेपर्यंत उभी राहिली होती. 'पाणी आलंय' हे तिने सांगितलं तेव्हा दाजींची चप्पल सोफ्यापर्यंत पोहत आली होती. दवाखान्यात सिस्टरनेही या नियमापायी दोनदा बोलणी खाल्ली होती. तिने तोंड मिटलं.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. तिने दाजींकडे पाहिलं. मग दोघांनी स्पीकरकडे पाहिलं. गिटार वर चढत होती.

आता हात धरता आला असता. लाथ मारता आली असती. पण मग मेहुणा जन्मभर ऐकवणार: स्वतःचा नियम, स्वतःची कॉन्सर्ट, आणि स्वतःच मोडला! दाजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. डॉक्टर डोळे मिटून मान डोलवत होता, आणि मानेबरोबर पकडही डोलत होती.

सोलो संपला. दाढ निघाली.

स्पीकरमधून किंकाळी आली. दाजींच्या तोंडातूनही आली. दोन्ही एकाच सुरात, एकमेकींना इतक्या चिकटून, की कुठली कुणाची ते कळेना. मग गायकाची टाळ्यांत विरली. दाजींची चालूच राहिली. बाहेर बाकावर नंबर लावून बसलेले एक आजोबा शांतपणे उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. त्यांची दाढ पुन्हा कधी दुखली नाही म्हणतात.

मग सगळं शांत झालं. गाणं कुणी बंद केलं ते कुणालाच आठवेना.

डॉक्टर पांढराफटक पडला होता. पकडीत दाढ होती. शुभ्र, धडधाकट, अजून चाळीस वर्षं ऊस सोलू शकली असती अशी.

"उजवी काढलीत," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरला ते ऐकूच गेलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दाजी," तो म्हणाला, "तोच सूर. जसाच्या तसा. निघतो हो! माणसाच्या गळ्यातून निघतो!"

दाजींनी कापूस दाबला. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्या काजव्यांतून हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की आपण जिंकलो. एवढ्या वर्षांनी, एका दाढेच्या बदल्यात, पार जिंकलो.

"घरी सांगशील?" त्यांनी विचारलं. तोंडातून शब्दांपेक्षा रक्तच जास्त आलं. "सगळ्यांसमोर?"

"सांगीन की. पण ताईला खरं वाटेल का? तुम्हीच मला पढवून आणलं म्हणेल." डॉक्टर वळला. "सिस्टर, तुम्ही साक्षीला आहात. ऐकलंत ना?"

"मी कान झाकले होते," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरने दाढ ट्रेमध्ये ठेवली. तिचा टण् असा आवाज झाला.

दाजींनी जीभ डावीकडे फिरवली. किडलेली दाढ जागेवरच होती. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, किंकाळी रेकॉर्ड करायला कुठलं बटण दाबायचं ते सिस्टरला दाखवलं, मोबाइल तिच्या हातात दिला आणि मान मागे टेकवून पुन्हा आ केला. मग काहीतरी आठवून तोंड मिटलं.

"भूल उतरायला," त्यांनी विचारलं, "किती वेळ लागतो?"