कुणालाही न सापडणारी ओळ

“जो माणूस तुला सगळ्यात जवळून ओळखतो, त्यालाही ती ओळ सापडता कामा नये,” प्रफुल्ल म्हणाला. “तरच तिजोरी पक्की.”

विनिताने मान हलवली. लॅपटॉप ओट्याजवळच्या टेबलावर होता. शिवानी, त्यांची लेक, शिकायला पुण्याला गेली तेव्हा तो मागे ठेवून गेलेली. प्रफुल्लने त्यावरचं जुनं सगळं पुसून लिनक्स टाकलेलं. आज रविवार, बायकोसाठी पासवर्ड मॅनेजर निवडायला तो बसला होता. ठाण्याच्या ऑफिसात तो लोकांना हेच शिकवायचा. खुशीत होता.

“दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवणारे नकोत. ब्राउझरमधला तर नकोच. हा घे. याचा कोड सगळ्यांना खुला, कुणीही तपासावा. पण तिजोरी आपल्याच मशीनवर, कुलूपबंद. सगळे पासवर्ड आत. तू फक्त एक ओळ लक्षात ठेवायची.”

“आणि विसरले तर?”

“मग संपलं. मीसुद्धा उघडू शकणार नाही.”

“तुम्हीसुद्धा नाही.”

“पण तुला एवढं आत ठेवायचंय तरी काय?”

“वसतिगृहाचं आहे ना ते. जुन्नरचं.”

“हं,” प्रफुल्ल म्हणाला आणि सेटिंग बघू लागला.

जुन्नरला मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची जागा होती. राहायला खोली तिथेच. विनिताची बहीण रसिका जुन्नरलाच राहायची, तिनेच सुचवलेलं. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. विनिताने हे नवऱ्याला जेवताना सांगितलं होतं. चहा देताना सांगितलं होतं. तो दरवेळी ‘हं’ म्हणाला होता. भिंतीवर टाकलेला चेंडू तरी परत येतो.

“घे, टाइप कर. देवनागरी नको, कधीकधी अडकतं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी बघत नाही.”

त्याने पाठ फिरवली. विनिताने ओळ टाइप केली. ओळ किती पक्की ते दाखवणारी पट्टी लालची पिवळी झाली, पिवळीची गर्द हिरवी.

“वा! आता मी चोर,” तो हात चोळत म्हणाला. “तीन चान्स दे. बघू तुझी तिजोरी फुटते का.”

विनिता परातीकडे वळली. पिठात कोमट पाणी घालता घालता तिने मनाशी ठरवून टाकलं. याला सापडली, तर रसिकाला नाही म्हणून कळवायचं. विषय कायमचा बंद.

प्रफुल्लने शिवानीचं नाव टाकलं, पुढे जन्माचं साल. नाही.

“लग्नाची तारीख असणार. बायका तेच ठेवतात.” तीही नाही.

तो खुर्चीत मागे रेलला. “आवडीचं काहीतरी असेल. अगं, तुझं आवडतं काय गं? म्हणजे... फूल, देव, गाव, काहीही?”

विनिताने पिठाचा गोळा हातावर घेतला आणि ती गायला लागली. आई जात्यावर म्हणायची ती ओवी. लग्न होऊन या घरात आली, तेव्हापासून भाकरीला बसली की तिच्या ओठांवर हीच यायची. प्रफुल्लच्या कानांत तेव्हा हेडफोन असायचे. आज नव्हते. आज तिने आवाज चढवला, शब्द न् शब्द सुटा केला. लहान मुलाला घास भरवावा तसा एकेक त्याच्यापुढे धरला.

दारीची जाई बाई, कुणासाठी ग फुलली
घरधनी आला गेला, फुलं दारात सुकली

संपली तशी तिने पहिल्यापासून धरली. हात तव्याजवळ थांबला होता. नजर त्याच्या बोटांवर.

“अगं, जरा गप बस ना,” प्रफुल्ल म्हणाला. “शेवटचा चान्स आहे. तुझ्या त्या गुणगुणण्यात डोकंच चालत नाही.”

तिने ओवी मध्येच सोडली.

त्याने तिच्या माहेरचं आडनाव टाकलं. पडदा हलला, चुकीचं म्हणाला. प्रफुल्लने टाळी वाजवली. “एक नंबर! मलाच नाही सापडली, म्हणजे जगात कुणाला सापडायची नाही. बिनधास्त वापर.”

विनिताने भाकरी उलटली, गॅस बंद केला, हात धुतले. मोबाइल घेऊन रसिकाला दोनच शब्द पाठवले. ‘हो. येते.’

“उघडून बघ एकदा,” हेडफोन कानांवर चढवत तो म्हणाला.

ती लॅपटॉपसमोर बसली. एकेक अक्षर दाबत गेली. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटत होते. ओठ मात्र बोटांबरोबर हलत होते, आवाज न करता: दारीची जाई बाई, कुणासाठी ग फुलली.