पूर्वकाठची मते

“मंगळवारी मतदान. सोमवारी रात्री तू गावच्या रेडिओवर एवढंच म्हणायचं, की आता बर्फाचा भरवसा नाही. बाकी मी बघतो,” ऑर्विल स्पेन्स म्हणाला.

कोकुम बेला बॅनक नावाच्या जाड भाकरीसाठी पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. कोकुम म्हणजे आजी. क्री लोकांच्या त्या गावात ती रक्ताने थोड्यांची आणि मानाने सगळ्यांची आजी होती. गोठलेल्या नदीवरून ट्रक कधी न्यावा आणि कधी नेऊ नये, हे तीच सांगत आली होती. तिने नाही म्हटल्यावरही गेलेला एकच माणूस गावाला ठाऊक होता. त्याचा ट्रक अजून नदीच्या तळाशी होता.

“बर्फाबद्दल मी खोटं बोलत नाही.”

“खोटं कुठे आहे, कोकुम? आज ना उद्या सुटणारच आहे. थोडं आधी सांगायचं, इतकंच.”

उत्तरेचा हा मतदारसंघ नकाशावर एखाद्या देशाएवढा आणि माणसांनी एखाद्या पेठेएवढा. जमिनीखाली निकेल, जमिनीवर स्प्रूसचे रान, आणि निवडणुकीत दर वेळी मूठभर मतांचा फरक. ऑर्विल दोनदा निवडून आला होता. या खेपेला नदीपलीकडचा पूर्वकाठ त्याच्या विरोधात उभा राहिला. नव्या खाणीचा गाळ पाईक तळ्यात सोडण्याच्या बाजूने त्याने विधानसभेत हात वर केला होता, आणि पूर्वकाठाची जाळी त्याच तळ्यात पडत. तो निवडून आला तर गाळ तळ्यात जाणार होता. पडला तर अडणार होता. मतदान केंद्र मात्र दोन्ही काठांना मिळून एकच, पश्चिमेच्या शाळेत, कोकुमच्या घराशेजारी.

“तसे त्यांच्यातले निम्मे येतच नाहीत,” ऑर्विल म्हणाला. “कुणाकडे ट्रक नाही, कुणाचे गुडघे गेलेत. पण उरलेले निम्मेसुद्धा मला बुडवायला पुरे आहेत. माझी सख्खी आई मला मत द्यायची नाही, बोल आता!”

“कशी आहे ती?”

“जीभ धडधाकट आहे. पायांचं विचारू नकोस. हा काठ बघून वर्षं झाली तिला.”

“तू या चुलीपाशी जन्मलास,” कोकुम म्हणाली. “त्या वर्षी बर्फ लवकर सुटला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझी आई भिंतीला टेकून कण्हत होती, आणि तुझा मामा तिच्या उशाशी घोरत पडला होता.”

ही गोष्ट ऑर्विलने इतक्यांदा ऐकली होती, की आता ती त्याला ऐकू येत नसे. आमदार झाल्यापासून त्याचे वसंत ऋतू राजधानीत, विनिपेगला जात.

खिडकीबाहेर कोकुमची लेक वर्ना दोरीवर गोधड्या वाळत घालत होती. दोरी भरली, तेव्हा तिने कुंपण भरायला घेतले. शेगडीवर मूस हरणाच्या रश्श्याचे मोठे पातेले रटरटत होते.

“काय गं कोकुम, लग्नबिग्न काढलंस की काय घरात?”

“वसंत आलाय, पोरा.”

ऑर्विल हसला. मग त्याने आवाज खाली आणला. “हे बघ, तुझ्या नातवाला खाणीत चिकटवतो. पक्कं.”

“नातवाचं नंतर. सोमवारी रात्री नको. फार उशीर होतो.”

“मग?”

“रविवारी. चर्च सुटलं की सगळे रेडिओ लावून बसतात.”

ऑर्विलने मनात हिशेब केला. आदल्या रात्री ऐकलेली बातमी एखादा धटिंगण धुडकावील. दोन दिवस मनात मुरलेली कुणी धुडकावणार नाही. म्हातारी त्याच्यापेक्षा पक्की निघाली होती.

“तू म्हणजे ना, कोकुम! तुलाच उभी करायला हवी होती.”

“तू सांगतोस म्हणून रविवारी सांगू?”

“हो. सांग.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने बॅनक तव्यावर टाकला.

ऑर्विल दुसऱ्याच दिवशी मतदारसंघाच्या दक्षिण टोकाला, खाणीच्या शहरात, प्रचाराला गेला. रविवारी त्याने वर्नाला फोन लावला. “तुझी आई रेडिओवर बोलली का गं?” वर्ना म्हणाली, “बोलली. दोनदा बोलली.” तिच्या मागे फार गलबला होता. चर्चचे लोक असतील, असे समजून त्याने फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी छोट्या विमानाने तो परतला आणि आधी नदीवर गेला. बर्फ करडा पडला होता, काठाशी काळे पाणी दिसत होते. बर्फावरच्या रस्त्याच्या तोंडाशी, वाट बंद झाल्याची खूण म्हणून, स्प्रूसच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. नदीवर चिटपाखरू नव्हते. पलीकडे एकाही धुराड्यातून धूर निघत नव्हता.

झोपू देत, तो मनाशी म्हणाला. आज त्यांना उठायला कारणच काय?

शाळा उघडायला अवकाश होता. आभार मानावेत, चहा घ्यावा, म्हणून तो कोकुमच्या घराकडे वळला. पडवीचे दार त्याने ढकलले, तर ते अर्धेच उघडून अडकले. अंग चोरून तो आत शिरला आणि बूट काढायला वाकला.

पण बूट ठेवायला जागा नव्हती.

पडवीभर बूट होते. रबरी, कातडी, पोरांचे, म्हाताऱ्यांचे. एकावर एक, भिंतीला लागून, बाकावर, सरपणाच्या ढिगावर. अगदी दाराशी मूसच्या कातड्याचा एक जुना जोड नीट जुळवून ठेवला होता. त्यावरची निळ्या मण्यांची फुले ऑर्विलने बघताक्षणी ओळखली.

“बूट हातातच धर, ऑर्विल,” आतून कोकुमचा आवाज आला. “बर्फाचा भरवसा नाही म्हटलं, की पूर्वकाठ इथेच राहायला येतो, विसरलास? आणि दारातून जरा बाजूला हो. तुझी आई मत द्यायला निघाली आहे.”